भेंडवावचा झाकणीचा खडक

अष्टमीचा दिवस होता आणि किल्ल्यावरची बाराची तोफ नुकतीच झाली होती. धूर अजून बुरजावरच रेंगाळत होता, आणि खाली खाडी पार सुकलेली. हे सगळं सुरू झालं ते त्या घटकेला, असं आमच्या भेंडवावात सांगतात. साल कुणालाच माहीत नाही. वेळ मात्र सगळ्यांना पाठ आहे, कारण त्या वेळेला आमच्या गावात अजूनही कुणी एकट्यानं मुलाला हाक मारत नाही.

तुम्ही धक्क्यावर होडीची वाट बघत बसलात की समोर, खाडीच्या मध्यावर, चिखलात एक गोल चपटा खडक दिसेल. भरतीला तो पाण्याखाली असतो. अष्टमीच्या आसपास ओहोटी बरोबर भर दुपारी येते, तेव्हा तो पुरता उघडा पडतो. त्याच्या कडेला नऊ खाचा आहेत. मोजायच्या असतील तर इथूनच मोजा. खाडीतल्या प्रत्येक दगडाला कालवं धरतात, या एकाला धरत नाहीत. बगळासुद्धा त्याच्यावर पाय टेकत नाही. याला झाकणीचा खडक म्हणतात.

येणाऱ्या लोकांना ही हकीकत माझी चुलतसासू हरणाकाकी सांगत आली. आता तिला बोलताना दम लागतो. म्हणून ती मला म्हणाली, "तू लिही, धक्क्यावर लावू. सात इयत्ता शिकलीस त्या काय डब्यात घालून ठेवायला?" म्हणून लिहिते. तिच्या तोंडून ऐकलं तसंच लिहिते.

नबाबाच्या अमलात किल्ल्याच्या भटारखान्यात मरजानबी नावाची एक हबशी बाई होती म्हणे. समुद्रापलीकडच्या मुलखातून लहानपणी जहाजातून आणलेली. सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुली पेटवून झाल्यावर म्हातारपणी तिला मोकळी केली, आणि ती आमच्या वाडीच्या टोकाला, भेंडीच्या झाडांखाली झोपडी घालून राहिली. बायका आधी तिला बिचकायच्या. मग बाळंतपणाला तिच्यावाचून कुणाचं पान हलेना.

तिच्या आईच्या मुलखात म्हणे प्रत्येक गोष्टीला एकेक बोल असायचा. भांडण झालं तर एक, लेक सासरी निघाली तर एक, जाळं रिकामं आलं तर एक. आई स्वयंपाक करता करता ते बोल सांगायची आणि मरजानबीनं ते सगळे धरून ठेवले होते. पण आपल्या बोलीत ते काही बसेनात. ती एखादा बोल सांगायला लागायची, अर्ध्यावर थांबायची, आणि स्वतःवरच हसायची. "इथल्या शब्दांत घातला की मरतो गं," म्हणायची.

मग तिनं भेंडीच्या लाकडाची झाकणं केली. पाच झाकणं, आणि प्रत्येकावर एका बोलाची खूण कोरलेली. एकावर पाठीला पाठ लावलेली दोन पावलं. ते झाकण ज्या घरात यायचं, त्या घरातल्या बाईनं जिच्याशी अबोला आहे तिच्या दारी जेवणाआधी जाऊन यायचं. एकावर कासव. ते आलं की ठरवलेली गोष्ट तीन दिवस करायची नाही. एकावर पंखाखाली पिल्लू घेतलेली कोंबडी. ती आली की त्या दिवशी लेकराला जवळून हलवायचं नाही. एकावर रिकामी चटई. ती आली की त्या दिवशी ताटावर अनोळखी माणूस बसवायचा, मग आपण बसायचं. पाचव्यावर मधे एक मूल आणि भोवती नऊ हात.

घरात काही बिनसलं की मरजानबी येऊन उंबऱ्यात बसायची, सगळं ऐकून घ्यायची, एक अक्षर बोलायची नाही. मग चुलीवरच्या तोपावर एक झाकण ठेवून निघून जायची. झाकण सांगतं ते केल्याशिवाय ते उचलायचं नाही, तोपर्यंत घर उपाशी. आणि एक कायदा सगळ्यांत मोठा. आपल्या तोपावरचं झाकण आपण निवडायचं नाही. ते दुसरीच्याच हातानं आलं पाहिजे.

त्याच वाडीत भिवरा नावाची कोळीण होती. तिची पहिली दोन मुलं गेली होती, एक तापानं आणि एक खाडीत. तिसरी मुलगी झाली, आवडी. भिवरानं त्या पोरीला दुसऱ्या कुणाच्या मांडीवर दिलं नाही. दुसऱ्या कुणाला तिचं नावही घेऊ दिलं नाही. पोर चालायला लागली तशी भिवरानं जाळ्याचा दोर घेऊन एक टोक आपल्या कमरेला बांधलं आणि दुसरं तिच्या.

शेजारची ठमाबाई तिला म्हणायची, "अगं भिवरा, पोर आहे की होडी? रंग तेवढा लावायचा राहिलाय."

"तुझी सहा आहेत," भिवरा म्हणायची. "एक हरवलं तर तुला जेवायला बसल्यावर कळेल."

ठमाबाईला ते लागलं, पण ती हसली. भिवराला कुणीच जास्त बोलायचं नाही.

एक दिवस मरजानबी न बोलावता भिवराच्या उंबऱ्यात येऊन बसली. दोराकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. आणि उठून नऊ हातांचं झाकण तोपावर ठेवून गेली. म्हणजे पोर नऊ घरी द्यायची. नऊ जणींनी तिला मांडीवर घ्यायचं, भरवायचं, नावानं हाक मारायची, तिला त्या हाका ओळखीच्या होईपर्यंत.

भिवरा सबंध दुपार त्या तोपासमोर बसली. आत भात थंड होऊन गेला. मग ती उठली, आणि मरजानबी पाण्याला गेलेली बघून तिच्या झोपडीत शिरली. नऊ हातांचं झाकण तिथे परत ठेवलं आणि कोंबडीचं झाकण उचलून आणून आपल्या तोपावर ठेवलं. पिल्लू पंखाखाली. हेच मला बरोबर आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग ते उचललं आणि पोरीला भरवलं.

मरजानबीला कळायला वेळ लागला नाही. ती दारात येऊन म्हणाली, "हे तुझ्या हातानं ठेवलंस ना? मग ते नुसतं लाकूड आहे."

"असू दे," भिवरा म्हणाली. "माझी पोर माझ्या एकीच्या हाकेला येते. मला दुसरं काही नको."

तेव्हा मरजानबीनं तिला ती गोष्ट सांगितली, जी तिनं वाडीत कधी कुणाला सांगितली नव्हती. म्हणाली, "मीसुद्धा आईच्या एकीच्याच हाकेला जात होते. आमच्या किनाऱ्यावर एक होडी लागली. तिच्यातून कुणीतरी अगदी माझ्या आईसारखी हाक मारली. मी धावत गेले. होडीत आई नव्हती." एवढं बोलून ती गेली. भिवरानं दोराची गाठ आणखी घट्ट केली.

त्यानंतरची पहिली अष्टमी आली. दुपारची ओहोटी म्हणून सगळ्या बायका तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला चिखलात उतरल्या होत्या. भिवराही होती, पोर दोराला. दोर कालवांच्या दगडात अडकून कापला जायला लागला, म्हणून तो सोडवायला तिनं गाठ सोडली. तेवढ्यात तोफ झाली.

आणि खाडीच्या मधून हाक आली, "आवडे, ये गो."

बायकांनी वर बघितलं. आवाज भिवराचा होता. पण भिवरा त्यांच्या शेजारी उभी होती. तिचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि तोंडातून काहीही येत नव्हतं. खाडीतून मात्र तिचाच आवाज येत होता, तितकाच लाडाचा. "आवडे, ये गो. ये माझे बाय."

पोर निघाली. हलकी होती म्हणून चिखलावरून चालत गेली. भिवरा धावली तर मांडीपर्यंत रुतली. ठमाबाईनं हाक मारली, मग बाकी सगळ्यांनीही मारल्या. पोरीनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. त्या हाका तिच्या ओळखीच्याच नव्हत्या. तिला जगात एकच आवाज ठाऊक होता आणि तो समोरून येत होता.

मध्यावर चिखलात एक भोक होतं, तोपाच्या तोंडाएवढं. काठाशी बुडबुडे येत नव्हते की पाणी हलत नव्हतं. हाक तेवढी त्याच्यातून येत होती.

मरजानबी किनाऱ्यावरून सगळं बघत होती. ती झोपडीत गेली आणि नऊ हातांचं झाकण घेऊन आली. झाकण पुढे टाकायचं, त्याच्यावर पाय द्यायचा, परत उचलून पुढे टाकायचं, अशी ती चिखलावरून गेली. पोरीला तिनं हाक मारली नाही, धरलंही नाही. तिला ओलांडून पुढे गेली, झाकण त्या भोकावर ठेवलं, आणि त्याच्यावर मांडी घालून बसली.

हाक थांबली. पोर जागच्या जागी उभी राहिली आणि रडायला लागली.

ओहोटी संपून भरती लागली होती. ठमाबाईनं पदर खोचला आणि शेजारणीचा हात धरला. तिनं पुढच्या बाईचा. अशा नऊ जणी हाताला हात धरून, रुतू नये म्हणून चिखलावर आडव्या झाल्या. पोर कुणाकडे यायला तयार नव्हती, चावत होती, ओरबाडत होती. तशीच ती एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे करत, नवव्या हातातून, चिखलातून ओढून काढलेल्या भिवराच्या पदरात पडली.

मग सगळ्यांनी मरजानबीला बोलावलं. ती उठली नाही. हातानं खूण केली की मी उठले तर हे उघडेल. पाणी तिच्या गुडघ्याला आलं, मग छातीला. शेवटी तिनं आपल्या बोलीत एक वाक्य मोठ्यानं म्हटलं. तिच्या आईच्या बोलांपैकीच एक असणार. काय ते कुणाला कळलं नाही, आणि अर्थ सांगायला आता कुणी उरलं नाही.

पुढच्या ओहोटीला तिथे हा खडक होता.

भिवरा पुढे खूप वर्षं जगली, पण तिचा आवाज परत आला नाही. आवडी वाडीतल्या नऊ घरी वाढली. तेव्हापासून भेंडवावात दोन रीती पडल्या. मूल बारा दिवसांचं झालं की त्याला घरोघर नेतात, कोळ्यांच्या घरी तसंच मोहल्ल्यातही. प्रत्येक घरची बाई त्याला मांडीवर घेऊन तीनदा नावानं हाक मारते, आणि आई दिवसभर घरात गप्प बसते. आणि दुसरी रीत, मुलाला हाक मारायची ती दोघांनी मिळून. एकटी हाक ऐकू आली तर मूल वळत नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. उरलेली चार झाकणं अजून आहेत. पाचवं नंतर बायकांनी आठवणीनं कोरलं. आजही ती एकमेकींच्या तोपावर ठेवली जातात.

मी माहेरची डोंगरातली. माझी रेवा बारा दिवसांची झाली तेव्हा हरणाकाकीनं नऊ हातांचं झाकण माझ्या तोपावर ठेवलं. मी म्हटलं, मी देणार नाही, सर्दी होईल, दृष्ट लागेल, कुणाचे हात कसे असतील. काकी म्हणाली, "मग उपाशी राहा." दिली शेवटी. ती सगळी दुपार माझा पदर दुधानं भिजत होता आणि मी दाराच्या कडीवर नजर लावून बसले होते. काकीवर मी महिनाभर राग धरला.

रेवा आता नऊ महिन्यांची आहे. गेल्या अष्टमीला दुपारी मी अंगणात तिची लंगोटं वाळत घालत होते. ओठांत कपड्यांचा चिमटा धरला होता. रेवा ओट्यावर रांगत होती. आणि खाडीकडून मी माझी हाक ऐकली. "रेवू, ये की गं." आमच्या माहेरच्या हेलात. तसा हेल या गावात दुसऱ्या कुणाचा नाही. चिमटा माझ्या ओठांतच होता.

रेवानं मान वर केली. खाडीकडे बघितलं. ओट्याच्या त्या टोकाला एक पायरी आहे आणि खाली सरळ उतार. मी ओरडायला गेले तर घशातून वारासुद्धा निघेना.

तेवढ्यात ओट्याच्या अलीकडच्या टोकाला बसलेल्या काकी आणि पलीकडच्या घरच्या शमीमभाभी आपल्या रोजच्या सवयीनं, काही कळायच्या आधी, एकदम म्हणाल्या, "रेवा, इकडे." पोरगी वळली आणि गुडघ्यांवर टपटप करत त्यांच्याकडे गेली. मांडीवर चढून शमीमभाभींच्या बांगड्या चघळायला लागली. माझा आवाज संध्याकाळी आला. रेवा बारा दिवसांची असल्यापासून माझ्या चुलीशी पडून असलेलं नऊ हातांचं झाकण काकीनं उचलून खुंटीला अडकवलं.

आजही अष्टमीच्या दुपारी खडक उघडा पडला की त्याच्याखालून, भिंतीपलीकडून यावी तशी, दबलेली हाक येते. प्रत्येक आईला ती स्वतःच्याच आवाजात ऐकू येते.

म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच. तुमच्याबरोबर लेकरं असतील तर होडी येईपर्यंत त्यांना शेजारी बसलेल्यांच्या मांडीवर द्या, नाव सांगा, त्यांनाही एकदा हाक मारू द्या. लाजू नका, इथे कुणी हसत नाही. आणि हे वाचता न येणारं कुणी धक्क्यावर बसलं असेल तर त्याला हे वाचून दाखवा. होडीतून पलीकडे उतराल तिथेही सांगा. खडक गावाचा आहे, खाडी काही एकट्या गावाची नाही.