साळूचा पहिला वाफा

जनावरं आपापल्या खाण्यापुरती शेती करत होती, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याकाठची जमीन सगळ्यांना वाटली गेली, त्यात साळू नावाच्या साळिंदरीला एका वाफ्याएवढा तुकडा मिळाला. तिची ही पहिलीच शेती. होतं नव्हतं तेवढं मुळ्याचं बी तिने त्यात टाकलं, आणि ते सगळंच उगवलं. हिरवागार वाफा बघत बसलं की तिला जेवणखाण सुचेना.

शेजारच्या तुकड्यात घोरपडमावशी कित्येक वर्षं भाजी लावत होती. ती बांधावरून म्हणाली, "साळू, फार दाट झालंय गं. निम्मी रोपं उपट, नाहीतर एकही मुळा पोसणार नाही."

"मीच पेरली नि मीच उपटू?" साळू म्हणाली. "आणि कुठली उपटू, मावशी? सगळीच गुणी आहेत."

"मग एक सोडून एक उपट."

साळूने जड मनाने सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत बांधावर रोपांचा ढीग झाला. मावशीने त्यातला कोवळा पाला धुऊन तिच्यापुढे ठेवला. साळूने रडत रडत एक पान तोंडात टाकलं, मग दुसरं, आणि पुढे रडायचं राहूनच गेलं. तिच्या जमिनीतलं पहिलं जेवण ते हेच.

थंडीत मुळे चांगले जाडजूड निघाले. फक्त एका कोपऱ्यात साळूने मावशीच्या नकळत एकही रोप उपटलं नव्हतं. तिथले मुळे तिच्या अंगावरच्या काट्यांएवढे बारीक निघाले. तेही तिने आवडीने खाल्ले, पण मावशीची पाठ वळल्यावर.