कडेची मडकी

फार पूर्वी, गाढवं आजच्याइतकी हट्टी नव्हती तेव्हा, एका गावात कुंभारांची आळी होती. सगळ्या आळीत मिळून भट्टी एकच. पण केवढी! ती पेटली की शेजारच्या गावातल्या कोंबड्या थेट उकडलेली अंडी घालत. खोटं वाटत असेल तर त्या कोंबड्यांना विचारा.

या भट्टीत मध्यभागी आच चांगली, कडेला कमी. कडेची मडकी हमखास कच्ची राहायची. म्हणून कडेला मांडायची पाळी असे. या खेपेला तुझी, पुढच्या खेपेला माझी. ज्याची पाळी, त्याला बाकीचे आपल्यातलं एकेक पक्कं मडकं देत. आणखी एक रीत होती. भट्टी उघडली की आपलं मडकं आपण वाजवायचं नाही, शेजाऱ्यानं वाजवायचं. शेजारी टिचकी मारून ओरडे, "वाजलं रे!" आणि सगळी आळी हसे.

एकदा राजा त्या आळीतल्या माठातलं पाणी प्याला आणि खूश झाला. म्हणाला, "दर जत्रेला ज्याचं मडकं सगळ्यांत खणखणीत वाजेल, त्याला चांदीचा तुरा!"

राजानं वाईट काहीच केलं नव्हतं. फक्त तुरा एकच आणला होता.

आळीत एक कुंभार होता. एकटा जीव. घरात एक चाक आणि एक गाढव. पण हात असा, की त्याच्या माठावर माशीसुद्धा बसायला कचरे, घसरून पडेन म्हणून. त्याची कडेची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "यंदा नको. जत्रा जवळ आलीय."

"मग आमची जत्रा काय लांब आहे होय?" शेजारी फणकारला.

झालं. कडेला कुणीच मांडेना. कड उघडी राहिली, वारा शिरला, आच निसटली. मग ज्यानं त्यानं आपापल्या परसात, कुंपणाआड, छोटीशी भट्टी लावली. ती कितीशी तापणार? सरपण जास्त, धूर त्याहून जास्त, आणि मडक्यांना तडे.

तुरा आपल्या कुंभारालाच मिळाला. पुढच्या जत्रेलाही त्यालाच. खरं तर त्याचंही मडकं पूर्वीसारखं वाजत नव्हतं. बाकीच्यांची त्याहून वाईट वाजत होती, इतकंच.

तुरा घेऊन तो घरी आला. दाखवायचा कुणाला? त्यानं तो गाढवाच्या डोक्याला बांधला. गाढव ऐटीत आळीभर हिंडलं. (ती जात हट्टी झाली ती तेव्हापासूनच.) पण हसायला एकही माणूस दारात आला नाही.

मग एकदा परसातली भट्टी उघडून त्यानं मडकं हातात घेतलं, टिचकी मारायला बोट उचललं आणि थांबला. कुंपणापलीकडे शेजारी आपलं मडकं आपणच वाजवत होता. टक्. पुन्हा टक्. "वाजलं रे" म्हणणारं त्यालाही कुणी नव्हतं.

पुढच्या खेपेला कुंभारानं आपली सगळी मडकी जुन्या भट्टीवर नेली आणि गोल कडेनं मांडली. मधली जागा मोकळी ठेवली. मग बसून राहिला. लोक कुंपणावरून डोकावत, "काहीतरी डाव असणार," म्हणत आणि आत जात.

उन्हं कलली तेव्हा आळीतली म्हातारी कुंभारीण पाटीत चार पणत्या घेऊन आली.

"अरे लेका, सगळी कडेलाच? कच्ची राहतील की!"

"राहू देत, आत्या. माझी पाळी राहिली होती."

म्हातारीनं नाक मुरडलं, पण पणत्या मधोमध ठेवल्या. "एवढ्यानं का भट्टी भरते?"

"नाही भरत."

"मग?"

"मग बसू."

दोघं बसली. शेजाऱ्याच्या कुंपणाआडून टक् टक् ऐकू येत होतं. जरा वेळानं म्हातारीनं विचारलं, "आणि तुझा तो तुरा रे?"

"गाढवाला दिला. त्याला शोभतो."

म्हातारी हसली. इतक्या मोठ्यानं हसली, की कुंपणापलीकडचं टक् टक् थांबलं.

तात्पर्य एवढंच: तुरा एकाच डोक्याला पुरतो; भट्टी तापायची तर कुणाला तरी कडेला बसावं लागतं.