तांबू आणि वाळत घातलेले बोंबील

फार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका चर्चच्या आवारात तांबू नावाचा बोका राहत होता. पूर्वी तो सराईत चोर होता. एकदा त्याच्या बोक्यांच्या टोळीने शेजारी राहणाऱ्या फिलूमावशीचे वाळत घातलेले सगळे बोंबील फस्त केले, तेव्हा ती तिथेच बसून रडली. ते रडणं तांबूला सहन झालं नाही. "प्रभू, पुन्हा चोरणार नाही," असं तो आवारातल्या क्रुसासमोर म्हणाला. टोळीने त्याला वाळीत टाकलं.

पण बोंबलांचा वास आला की पाय आपोआप तिकडे वळत. आवारातल्या झाडावरचा कावळा म्हणे, "अरे, एकच घे! तुझे मित्रही परत येतील." तांबू क्रुसापाशी जाऊन बसे. "प्रभू, एवढा आजचा दिवस सांभाळ," इतकंच मागे. एकदा तो हरलाही. अर्धा बोंबील खाऊन रडत परत आला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

एका दुपारी कावळा म्हणाला, "आज बोंबलांखालून गेलास आणि वर बघितलंही नाहीस!" एवढं बोलून तो उडून गेला.

तांबू थबकला. खरंच, त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. आनंदाने तो कोणाला तरी सांगायला वळला, पण आवार रिकामं होतं. मग त्याने ते प्रभूलाच सांगितलं, आणि बराच वेळ सांगत राहिला.