नावाड्याचा घडीचा चाकू

नद्यांवर अजून पूल आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात गेनू नावाचा एक नावाडी राहत होता. अल्याडची माणसे पल्याड न्यायची आणि पल्याडची अल्याड आणायची, हे त्याचे काम. दिवसभर वल्ही मारून त्याचे खांदे भरून येत. पण कामाचा थकवा जेवून-झोपून उतरतो. गेनूचा थकवा उतरत नव्हता. सकाळी नावेत पाय ठेवतानाच तो दमलेला दिसे.

त्याचे कारण गावाला ठाऊक होते.

पूर्वी ही नाव दोघे भाऊ मिळून चालवत. धाकटा बारकू पुढे उभा राही आणि गेनू मागे. एका पावसाळ्यात नदीतून झाडाचा एक मोठा ओंडका वाहत आला आणि नावेच्या दोरात अडकला. त्या दोराचा वेढा बारकूच्या कमरेला बसला आणि ओंडक्याने त्याला पाण्यात खेचले. बारकूने नावेची कड घट्ट धरली. "दादा, दोर काप!" तो ओरडला.

गेनूने कमरेचा घडीचा चाकू काढला. पाते मुठीत मिटते, तसला साधा चाकू. त्याने ऊस सोलला जाई, मासे साफ होत, जाळ्याची गाठ सुटेना तर तीही कापली जाई. धार कधी लावली होती ते गेनूला आठवत नव्हते. तो दोरावर चाकू घासत राहिला. दोर अर्धा कापला गेला आणि बारकूचे हात सुटले.

त्यानंतर बारकू कोणाला दिसला नाही.

तेव्हापासून गेनूने एक व्रतच घेतले. संध्याकाळी नाव बांधली की तो अंगणात धार लावायचा दगड घेऊन बसे. दगडावर पाणी शिंपडे, चाकू उघडे आणि पाते घासू लागे. एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. मग धार पारखून बघे. हातावरचे केस कापून बघे. ताणलेला दोरा नुसत्या स्पर्शाने तुटतो का, ते बघे. पिंपळाचे पान उभे धरून वरून पाते सोडे. पान चिरले, तरी त्याचे समाधान होत नसे. कुठेतरी अजून कमी आहे, असे त्याला वाटे आणि तो पुन्हा घासू लागे.

त्याच्या डाव्या हातावर केस उरले नव्हते. मग तो पायाच्या पोटरीवरचे केस कापून बघू लागला.

त्याची बायको ठकू दारातून हाक मारी, "अहो, भाकरी निवली."

"आलोच," गेनू म्हणे. पण तो येई तेव्हा चूल विझलेली असे आणि ठकू भिंतीला टेकून पेंगत असे.

एकदा ती म्हणाली, "काल धार लावली होतीत. आज चाकू उघडलासुद्धा नाही. मग तो बोथट झाला कसा?"

गेनू म्हणाला, "तुला नाही कळायचं."

ठकूला कळत होते. म्हणूनच तिने भाकरी झाकून ठेवली.

असे कितीतरी पावसाळे गेले. पाते झिजत झिजत अरुंद झाले. पूर्वी ते बोटभर रुंद होते, आता बांबूच्या पानासारखे दिसू लागले. चाकू मिटला की मुठीच्या खोबणीत ते खुळखुळे. गेनूला मात्र ते सुंदर वाटे. असा धारदार चाकू आसपासच्या गावांत कोणाकडे नाही, असे लोकही म्हणत. न्हावी तर म्हणाला, "गेनू, याने मी दाढी करीन."

तरी गेनूच्या मनाला वाटे, अजून थोडी धार हवी.

गावाच्या बाजाराला एक म्हातारी येई. पायाने चाक फिरवून ती विळ्या, सुऱ्या, कात्र्या यांना धार लावून देई. तिला सगळे धारवाली आजी म्हणत. एका बाजाराच्या दिवशी गेनू तिच्यापुढे जाऊन बसला.

"आजी, माझ्या दगडाने आता धार चढत नाही. तुझ्या चाकावर धरून बघ."

म्हातारीने चाकू घेतला. पण तो चाकाला लावला नाही. तिने तो उघडला, मिटला आणि पुन्हा उघडला. मूठ एका हातात धरून दुसऱ्या हाताने पाते हलवून पाहिले. ते खिळ्यापाशी डुगडुगत होते. मग तिने धार आपल्या अंगठ्याच्या नखावर टेकवली आणि हलकेच दाबली. धार नखावर लवली.

"बघ," ती म्हणाली, "कागदासारखी वाकते. आणि इथं, खिळ्याजवळ, बारीक चीर आहे. बाबा, याला मी चाक लावणार नाही."

गेनूला राग आला. "अगं, केस कापतोय तो! एवढी धार कोणाच्या चाकूला आहे?"

"धार आहे," म्हातारी म्हणाली. "चाकू उरला नाही."

"तू न्हावी आहेस का?" तिने विचारले.

"नावाडी आहे."

"मग केसावर कशाला पारखतोस? नावाड्याचा चाकू दोरावर पारखावा. दोर कापायचा म्हणजे जोर लावावा लागतो, आणि जोर सोसायला पात्यात अंग लागतं. ते तू सगळं दगडावर घासून टाकलंस. चाकू इथं ठेव. याच मुठीत नवं पातं बसवून देते."

गेनूने चाकू झटकन परत घेतला.

"पातं बदलायचं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी माझ्या हातात हाच होता. यालाच धार लागली पाहिजे."

म्हातारीनेही बारकूची हकीकत ऐकली होती. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "लेकरा, त्या दिवसाला आता कुठली धार लावणार आहेस?"

गेनू उठून चालू लागला. त्या संध्याकाळी तो चिडूनच दगडापाशी बसला आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ चाकू घासत राहिला.

पुढे श्रावणात नदी भरून चालली होती. एके दिवशी सकाळी गेनूच्या नावेत पल्याडच्या बाजाराला निघालेली माणसे बसली. भाजीची टोपली घेऊन एक माळीण होती, दोन लेकुरवाळ्या बाया होत्या आणि एक म्हातारा गवळी होता. गवळ्याबरोबर त्याची म्हैसही होती. म्हशीला नावेत घेत नसत. तिचे दावे नावेच्या कडेला बांधत आणि ती नावेबरोबर पोहत येई. नेहमीचीच रीत होती ती.

नदीच्या मध्यावर पाण्याला ओढ होती. म्हैस बिथरली. ती नावेबरोबर येण्याऐवजी प्रवाहाच्या बाजूला वळली आणि सगळ्या अंगाने ओढू लागली. दावे ताठ झाले. नाव त्या अंगाला कलली आणि कडेवरून पाणी आत येऊ लागले. लेकरे रडू लागली. गवळी गाठ सोडायला धावला, पण ओढीने ती गाठ दगडासारखी आवळली होती.

"गेनू, दावं काप!" तो ओरडला. "म्हशीचं होईल ते होईल!"

गेनूच्या हातात चाकू आधीच आला होता. इतक्या वर्षांत त्याने ज्या क्षणाची तयारी केली होती, तोच हा क्षण. त्याने चाकू उघडला, पाते दाव्यावर ठेवले आणि सगळा जोर लावून ओढले.

वरचे चार धागे लोण्यासारखे कापले गेले. मग 'कट्' असा आवाज झाला. पाते खिळ्यापाशी मोडले, पाण्यात पडले आणि दिसेनासे झाले.

गेनू नुसती मूठ हातात धरून बघत राहिला. कोण ओरडते आहे, ते त्याला कळेना.

तेवढ्यात माळीण टोपली बाजूला सारून पुढे आली. तिच्या हातात भाजी कापायचा विळा होता. काळपट, जाड पात्याचा, लाकडी मुठीला चिंधी गुंडाळलेला.

"सरक, दादा!" ती म्हणाली आणि तिने विळा दाव्याला लावला. एकदा ओढला, दोनदा ओढला. तिसऱ्या वेळी दावे तुटले.

नाव जोराने हलली आणि सरळ झाली. सगळ्यांनी ओंजळींनी पाणी उपसले. गेनूने वल्ही धरली. हात आपोआप चालू लागले. नाव काठाला लागली तेव्हा ती म्हैस बऱ्याच खाली काठावर चढून अंग झटकत उभी होती. गवळी तिला हाका मारत पळत सुटला.

माळीण टोपली डोक्यावर घेऊ लागली, तेव्हा गेनूने तिला विचारले, "ताई, विळ्याला धार कोण लावतं?"

"मीच," ती म्हणाली. "भाजी चेचली जायला लागली की दारातल्या दगडावर दोन हात मारते. रोज रोज घासत बसायला वेळ कुणाला आहे?"

ती हसून निघून गेली. गेनूने उरलेली मूठ कमरेला खोचली.

पुढच्या बाजाराला तो धारवाल्या आजीपाशी गेला आणि नुसती मूठ तिच्यापुढे ठेवली. तिने जुना खिळा ठोकून काढला, आपल्या पिशवीतून एक पाते निवडले आणि त्या मुठीत बसवले. चाकावर थोडे फिरवून त्याला धार दिली. मग नावेच्या दोराचा एक तुकडा पाण्यात भिजवून गेनूच्या हातात दिला.

"काप."

गेनूने कापला. दोर तुटला.

त्याने अंगठा धारेवरून फिरवला. "आजी, अजून जरा—"

"पुरे," म्हातारी म्हणाली.

"पण केसावर बघितलं तर—"

"पुरे, बाबा. चाकू दोर कापेनासा झाला की ये. तोवर येऊ नकोस."

संध्याकाळी गेनू नाव बांधून घरी आला. सवयीने त्याने दगड पुढे ओढला आणि त्यावर पाणी शिंपडले. चाकू उघडला. मग कितीतरी वेळ तो तसाच बसून राहिला. शेवटी त्याने चाकू मिटून खाली ठेवला.

ठकू येऊन त्याच्याजवळ बसली.

"ठके," तो म्हणाला, "त्या दिवशी चाकूला धार असती, तर बारकू वाचला असता का गं?"

इतक्या वर्षांत त्याने भावाचे नाव घरात प्रथमच घेतले होते.

"दोर मनगटाएवढा होता," ठकू म्हणाली. "पाण्याला ओढ किती होती, तेही तुम्ही पाहिलंत. कदाचित वाचला असता. कदाचित नसता. मला नाही सांगता यायचं, आणि दगडालाही नाही."

गेनूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तो रडला, अगदी लहान मुलासारखा. मग त्याने तोंड धुतले. ठकूने पुढे ठेवलेली भाकरी खाल्ली. गरम होती. जेवता जेवताच त्याचे डोळे मिटू लागले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आले, तरी नाव काठाला बांधलेलीच होती. पल्याडच्या काठावर माणसे जमली आणि हाका मारू लागली, "ओ गेनूभाऊ! नाव आणा!"

ठकू नदीवर आली. दोन्ही हात तोंडाशी धरून तिने उलट हाक दिली,

"थोडं थांबा हो! झोपलेत ते!"

आणि पल्याडची माणसे आपापली गाठोडी खाली ठेवून थांबली.

तात्पर्य एवढेच: धार कामापुरती असावी. घडून गेलेल्या चुकीपायी जो रोज स्वतःला घासत बसतो, तो पुढच्या कामाला पुरत नाही.