कुसळवाडीचा तास

पाहुणे, जरा थांबा. हा चर ओलांडताना इथे पायातलं काढतात. उथळ आहे, ढांग टाकली की पलीकडे. ओढ्यापासून निघून डोंगराच्या अंगाने थेट त्या काळ्या कातळापर्यंत तो गेला आहे. अलीकडे-पलीकडे शेतं आहेत, पण चरात कुणी दाणा पेरत नाही. आम्ही याला तास म्हणतो. नांगराच्या फाळाने भुईत रेघ पडते ना, तो तास. असे सांगतात, की हा तास एका बाईने एका दुपारी ओढला.

तिचं नाव सकवार. नवरा वारलेला, घरात सासू ठकूबाई आणि पाळण्यातली मुलगी. त्या साली चैत्रात गावातले सगळे धडधाकट पुरुष गाड्या जुंपून पलीकडच्या खोऱ्यात जत्रेला गेले होते. मागे राहिल्या बायका, म्हातारे आणि पोरं. बैलजोडी उरली ती एकट्या सकवारची, तीही एका बैलाचा खांदा आला होता, जुवाने सुजला होता, म्हणून.

दुपारी डोंगरावर धूर दिसला. वणवा नेहमी माथ्यावरच विझायचा. त्या दिवशी वारा फिरला. गुडघाभर वाळलेलं गवत माथ्यापासून थेट घरांच्या कुडांपर्यंत पसरलेलं होतं, आणि घरं सगळी गवताने शाकारलेली. विहिरीत घागर बुडेल एवढंही पाणी नव्हतं. ओढा कोरडा, नुसते धोंडे. म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या पोरांना उचलून पळावं, तर आग माणसापेक्षा वेगाने उतरत होती.

सकवारने गोठ्यातून बैल सोडले आणि नांगराला हात घातला.

ठकूबाई आडवी झाली. "बाईनं नांगर धरला तर भुई वांझ होती, ठावं न्हाई तुला?"

"आत्याबाई, भुईचं मागनं बघू. आधी माणसं ऱ्हाऊ द्या."

तिने ओढ्याच्या काठाला फाळ रोवला. बाकीच्या बायकांना म्हणाली, "मी तास घालते. तुम्ही मागनं तासाच्या डोंगराकडच्या अंगाला गवत पेटवत चला. आग आत आली की निरगुडीच्या फांद्यांनी झोडपा. वणव्याला इथं खायला काही ठेवायचं न्हाई."

भुई कडक झाली होती. फाळ उसळायचा, ती अंगाचा भार टाकून पुन्हा दाबायची. अर्ध्या वाटेवर तिचंच खळं लागलं. वर्षाची ज्वारी तिथे कणसांनी रचून ठेवलेली. खळ्याला वरून वळसा घातला असता तर कणसं तासाच्या आत आली असती. पण तेवढा वेळ नव्हता, वरच्या शेतांच्या बांध-ताली पेटू लागल्या होत्या. मागून येणारी बाई पेटती चूड हातात घेऊन थबकली. सकवारने बैल थांबवले नाहीत. खळं बाहेर टाकून तिने तास सरळ नेला आणि मान न वळवता म्हणाली, "पेटव."

कणसं धडधडून पेटली, तेव्हा ती रडत होती म्हणे. पण मुठीतलं नांगराचं रुमणं तिने सोडलं नाही.

कातळ पन्नास पावलांवर राहिला, आणि खांदा आलेला बैल बसला. धुराने दुसराही बिथरला. त्याने मान झटकली, जुवाखालून निसटला आणि गावाकडे उधळला. ठिणग्या आता बायकांच्या पदरांवर पडत होत्या. तेवढी पन्नास पावलांची फट उघडी होती आणि वारा नेमका तिथूनच घुसत होता.

तेव्हा ठकूबाई पुढे आली. बसलेल्या बैलाच्या मानेवरचं जू तिने काढलं, त्याखाली आपला खांदा दिला आणि ओरडली, "बघत काय उभ्या ऱ्हायलात गं! लावा खांदं!"

पाच बायकांनी जू ओढलं. दोघी पडल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. फाळ कातळावर खणकन आपटला, तेव्हा मागचं गवत पेटवलेलं होतं. वणवा त्या जळक्या पट्ट्यापर्यंत आला, तिथे घुटमळला, आणि खायला काही न मिळाल्याने विझला. गावातलं एकही घर गेलं नाही. तो बैल मात्र पुन्हा उठला नाही.

पुरुष परतले. बाईने नांगर धरला म्हणून चावडीवर कुरबुर सुरू झाली. ठकूबाई सदरा उतरवावा तसा खांद्यावरचा पदर बाजूला सारून पाटलापुढे उभी राहिली. खांद्यावरचं कातडं सोललेलं होतं. "दंड करायचा तर ह्या खांद्याला करा," ती म्हणाली. पाटलाने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी घराघरातून सुपं निघाली, आणि सकवारच्या कणगीत गावाची ज्वारी पडली. मृगात भुई नेहमीसारखीच पिकली.

तेव्हापासून तास हा शब्द आमच्याकडे बदलत गेला. आधी तो फाळाची रेघ होता, मग गावाची वेस झाला. पुढे शाळा आली, घड्याळ आलं, पोरं तासाला साठ मिनिटं मोजू लागली. बायकांच्या बोलण्यात मात्र त्याला आणखी एक अर्थ चिकटला. कुणी बाळंतीण अडली, कुणाच्या घरी माणूस गेलं, कुणाला दादल्याने घराबाहेर काढलं, की त्या दारातून एक बाई निघते आणि घरोघरी "तास धरा" एवढंच सांगत जाते. आजही ते ऐकून हातातलं काम खाली ठेवून त्या दाराशी जाणाऱ्या बायका किती वेळ लागेल असं विचारत नाहीत.