तात्पुरती ओळ

नदीकाठच्या एका शहरात एक इस्पितळ होतं, आणि त्या इस्पितळाचे संगणक सांभाळायला हेरंब नावाचा एक गृहस्थ होता. हुशार होता, पण भलता संशयी. चहाला उठला तरी संगणकाला कुलूप. परत आल्यावर खुर्ची सरकलेली दिसली, तर आजूबाजूच्या तिन्ही टेबलांकडे रोखून बघायचा.

त्या इस्पितळात सांधेदुखीच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. दर मंगळवारी चाळीस रुग्ण यायचे. औषधाचा काही त्रास होतो का, हे रूथ सिस्टर प्रत्येकाला विचारायच्या आणि इस्पितळाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायच्या. रुग्ण स्वतःच्या तोंडाने बोलल्याशिवाय चौकट भरायची नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा नियम. रुग्णाऐवजी घरचं कुणी आलं, तर चौकट रिकामी. ती माहिती कागदावर चाचणीच्या मुख्य कार्यालयात जायची. रिकामी चौकट दिसली की तिकडून हटकून फोन यायचा, "या माणसाचं काय झालं?" मग त्या माणसाला शोधून काढलं जायचं.

मुख्य कार्यालयाचं सॉफ्टवेअर वेगळं होतं. दोन्ही सॉफ्टवेअरांमध्ये निरोप्याचं काम करील असा एपीआयचा जोड बसवायचं ठरलं, आणि ते काम हेरंबकडे आलं. बाहेरचा कुणी आत शिरू नये म्हणून त्याने पासवर्डांवर पासवर्ड लावले. कोण कधी काय उघडतं याची बारीक नोंद ठेवली. शनिवारी दुपारी मात्र एक अडचण आली. तिकडचं सॉफ्टवेअर रिकामी चौकट घेईना, सगळी नोंदच परत पाठवी. इकडे चाचणीच्या प्रमुख डॉक्टर मंगरुळकर मॅडम सोमवारचा शब्द देऊन बसल्या होत्या. हेरंबने एक ओळ लिहिली: चौकट रिकामी असेल, तर 'त्रास नाही' असं पाठव. शेजारी टीप टाकली, 'तात्पुरतं. नंतर काढणे.'

सोमवारी जोड सुरू झाला. एकही नोंद अडली नाही. मॅडमनी पेढे वाटले. ओळ काढायची राहून गेली.

तीन आठवडे झाले. रूथ सिस्टर एकदा हेरंबच्या टेबलाशी आल्या.

"हेरंब, हल्ली मुख्य कार्यालयाचे फोन येत नाहीत. तुमच्या त्या जोडात काही गडबड नाही ना?"

"जोड उत्तम चाललाय, सिस्टर," तो म्हणाला.

त्या गेल्या आणि हेरंबच्या डोक्यात किडा वळवळला. या बाईला फोनची काळजी कशाला? काय लपवायचं असेल? त्या दिवसापासून तो त्यांच्यावर पाळत ठेवू लागला. त्या संगणकाशी किती वेळ बसतात, कुणाशी हळू आवाजात बोलतात, सगळं वहीत टिपू लागला.

पुढच्या मंगळवारी कल्हई करणारे गफूरचाचा सुनेच्या खांद्यावर हात टाकून आले. आधीचे तिन्ही मंगळवार सूनच गोळ्या घेऊन गेली होती. चाचांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मॅडमनी औषध बंद करून त्यांना तिथल्या तिथे भरती केलं आणि मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"आमच्याकडे तर तिन्ही आठवडे 'त्रास नाही' अशी नोंद आहे," तिकडचा माणूस म्हणाला. "खाली रूथ सिस्टरांचं नाव आहे."

"मी चौकट रिकामी सोडली होती," सिस्टर म्हणाल्या. न विचारता रुग्णाची नोंद भरणं हा त्यांच्या पेशातला सगळ्यात मोठा गुन्हा. तो सिद्ध झाला तर नोकरी जाणार होतीच, पण पुन्हा कुठल्या इस्पितळात कुणी त्यांना उभंही केलं नसतं.

मॅडमनी हेरंबला विचारलं. तो जणू वाटच बघत होता.

"इकडची चौकट आज रिकामी दिसते, हे खरं. म्हणजे आधी भरली, तिकडे पोचू दिली आणि मग इकडचं पुसलं. मला पहिल्यापासून संशय होताच, मॅडम."

"उद्या सकाळी पुराव्यानिशी सांगा," मॅडम म्हणाल्या.

वॉर्डात ही बातमी गफूरचाचांच्या कानावर गेली. ते उशीवरून मान उचलून म्हणाले, "सिस्टर आसं करायची न्हाई. ती इचारल्याबिगर एक अक्षर लिवत न्हाई." पण पिवळ्या डोळ्यांच्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतो?

हेरंब पुरावा जमवायला बसला. नोंदी कुठून निघतात आणि कुठे पोचतात, हे दाखवावं म्हणून त्याने जोडाचं काम उघडलं. सगळ्यांची झडती घेणाऱ्या या माणसाने स्वतःचं काम इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उघडलं होतं. समोर ती ओळ होती, शेजारी त्याचीच टीप होती.

ओळ खोडली असती तर कुणाला कळलंही नसतं, कारण ते काम उघडता येणारा इस्पितळात तो एकटाच होता. त्याने बोट खोडायच्या कळीवर ठेवलं. मग त्याच्या लक्षात आलं, की या ओळीतून एकटे चाचाच गेलेले नाहीत. न विचारलेली आणखी एकोणीस माणसं तिकडे 'त्रास नाही' म्हणून बसली आहेत, आणि ओळ गुपचूप खोडली तर ती तशीच बसून राहणार. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. त्याने बोट उचललं.

सकाळी मॅडमच्या खोलीत सिस्टरांसमोर तो म्हणाला, "सिस्टरांनी काही केलेलं नाही. रिकाम्या चौकटी मी भरल्या." आणि त्याने ती ओळ टिपेसकट दाखवली.

मॅडमनी एकोणीस जणांना त्याच दिवशी बोलावून घ्यायला सांगितलं. त्यांतले दोघे पिवळे पडायला लागले होते. ते वेळेत सापडले आणि गफूरचाचाही महिन्याभरात हिंडूफिरू लागले.

खोलीतून निघताना हेरंबने सिस्टरांची माफी मागितली. त्या दारात थांबल्या.

"तुम्ही माझ्यावर एवढी पाळत ठेवलीत, हेरंब. एकदा समोर येऊन विचारलं का नाहीत?"



तात्पर्य: संशय घ्यायचाच असेल, तर पहिला आपल्या कामावर घ्यावा, आणि दुसऱ्याबद्दल काही ठरवण्याआधी त्याला विचारावं.