आधी पाखराचा वाटा

एका राज्यात शेतं ओसाड होती आणि राजाची कोठारं मात्र भरलेली. त्याचं असं झालं. मायांबर मांत्रिकाने राजाला पांढराशुभ्र दाणा दिला. शिजवावा तर पोट भरे, पेरावा तर मातीत कुजे. मग काय, सारी प्रजा रोज राजवाड्यापुढे ओंजळ पसरी. वर प्रजेच्या नाचणीला मांत्रिकाने शाप दिला: जो तिला ‘माझी’ म्हणून पेरील, तो दगड होईल.

डोंगरावरच्या चैतीचा नवरा भिवा मोठा हट्टी. चोरून पेरायला गेला आणि बांधावर दगड होऊन राहिला. चैती त्याच्या खांद्यावर ओलं लुगडं वाळत घाली आणि म्हणे, “जितेपणी कधी इतका गप उभा राहिलास?” म्हणे, आणि त्याच लुगड्याने डोळे पुसी.

एकदा त्या दगडावर एक भोरडी पाखरू उडत येऊन बसलं. भोरडी म्हणाली, “चैते, माझ्यापाशी मूठभर नाचणी आहे. राजाच्या विहिरीचं पाणी आण, मांत्रिकाच्या चुलीची राख आण. तिसरं काम पेरताना सांगेन.”

विहिरीवर सात फण्यांचा नाग होता. चैती म्हणाली, “सरक बाबा, मला घाई आहे.” नाग सरकला. आजवर त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

मांत्रिकाच्या घरी पाहते तर तव्यावर नाचणीची भाकरी, परसात नाचणीचा हिरवागार वाफा.

“आम्हाला कुजका दाणा, आणि स्वतः हे गिळतोस होय रे मेल्या,” ती म्हणाली. राख घेतली, भाकरीही घेतली.

तिने शेत भिजवलं, राखेत बी कालवलं, तोच राजाला घेऊन मांत्रिक धावत आला.

“पेरशील तर दगड होशील.”

चैतीने बी मुठीत घेतलं. भोरडी म्हणाली, “तिसरं काम. पहिली मूठ टाकताना तुझी आई काय म्हणायची?”

भीतीपोटी साऱ्यांनी ते बोल गिळले होते, भिवानेही. चैती मोठ्याने म्हणाली,

“पाखराचं पाखराला, मुंगीचं मुंगीला, वाटसराचं वाटसराला, उरेल ते घराला.”

मूठ सुटली. हात हातच राहिला, मातीतून कोंब वर आले.

मांत्रिक ओरडला, “नाचणी माझी आहे!”

आणि स्वतःच्याच शापाने जागीच दगड झाला.

इकडे भिवाने खांदे झटकले. “पाठ भिजलीय गं माझी.”

“भाकरी खा आधी.”

राजाने विचारलं, “बाई, मी काय करू?”

“त्या कुजक्या दाण्याच्या कोठाराला कुलूप घाला, महाराज, आणि पेरायला वाका.”

राजा वाकला. त्या साली घरोघर आंबील शिजली. भिवाचे खांदे मोकळे झाले, तशा साऱ्यांच्या चुली शापातून मोकळ्या होवोत. चैतीचं लुगडं आता मांत्रिकावर वाळतं.